धागा : सात इंची दिवा आणि समोरच्याचे डोळे

१/ बाजारातून एलईडी बल्ब आणावा, बॉनेट उघडावे, हेडलाइटच्या मागचे रबरी झाकण काढावे, जुना हॅलोजन बल्ब उपसून नवा बसवावा. दहा मिनिटांचे काम. या दहा मिनिटांच्या मागे मात्र सव्वाशे वर्षांचा एक वाद उभा आहे : रस्त्यावरचा उजेड कोणाचा? ज्याने दिवा लावला त्याचा, की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचाही त्यावर काही हक्क आहे? आजचा धागा त्या वादाविषयी.

२/ पहिल्या मोटारींना घोडागाडीचेच तेलाचे कंदील असत. वाट दाखवण्यापेक्षा गाडी येत असल्याची वर्दी देणे, एवढेच त्यांचे काम. मग अ‍ॅसिटिलीन आले. कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले की हा वायू सुटतो. आंबे पिकवण्यासाठी बंदी असूनही चोरून वापरले जाते, तेच हे कार्बाइड. त्याची ज्योत पांढरीशुभ्र आणि तेलाच्या दिव्याहून कितीतरी प्रखर.

३/ या दिव्यांच्या धंद्यात पॅरिसच्या एका तरुण अभियंत्याने चांगला पैसा मिळवला आणि तो सगळा विमाने बांधण्यात ओतला. त्याचे नाव लुई ब्लेरियो. २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला मनुष्य तोच. त्या उड्डाणाचा खर्च मोटारींच्या दिव्यांनी पेलला होता, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सहसा तळटीपेतच राहते.

४/ कार्बाइडची खोली रोज साफ करणे हे किळसवाणे काम होते. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे १९०४ साली कार्ल फिशर आणि त्याच्या भागीदाराने त्यावर उपाय काढला : वायू भरलेली टाकी गाडीलाच जोडायची आणि संपली की रिकामी देऊन भरलेली घ्यायची. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरची पद्धत तीच. या कंपनीचे नाव प्रेस्ट-ओ-लाइट. दिवा सुधारण्याची साधने थेट गाडीमालकाला विकण्याचा व्यापार येथून वाढत गेला.

५/ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगच्या योजनेनुसार विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले. पुढच्याच वर्षी जर्मनीत बॉश कंपनीने डायनामो, बॅटरी आणि दिवे यांचा पूर्ण संच बाजारात आणला. पण सामान्य माणसाची गाडी होती फोर्डची मॉडेल टी. तिला १९१५ साली विजेचे हेडलाइट मिळाले, तेही बॅटरीविना. वीज थेट इंजिनाच्या मॅग्नेटोवरून येई.

६/ परिणाम विचित्र होता. इंजिन जोरात तर दिवा प्रखर. इंजिन मंद तर दिवाही मंद. खड्ड्यांच्या रस्त्यावर वेग कमी करावा, तर नेमका तेव्हाच उजेड मालवू लागे. म्हणून लोक गाडी सावकाश हाकत, पण इंजिन रेटत. मॉडेल टीसाठी जोडसामानाचा मोठा बाजार उभा राहिला आणि अंगणात पाना घेऊन बसणारा गाडीमालक ही विसाव्या शतकाची एक ओळखीची आकृती बनली.

७/ उजेड वाढला, तसे समोरच्याचे डोळे दिपू लागले. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. डोळे तीनच सेकंद दिपले, तरी चालकाने ५० मीटर रस्ता आंधळेपणाने पार केलेला असतो. १९१० च्या दशकात अमेरिकेतील अनेक राज्यांनी दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध नियम केले. झोत खाली वळवणाऱ्या लोलकी काचा दुकानांत दिसू लागल्या. कॅडिलॅकने तर झोत वरखाली करणारा दांडाच दिला.

८/ खरा तोडगा निघाला तो १९२० च्या दशकात. एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवल्या : एक दूरच्या झोतासाठी, दुसरी जवळच्या. त्या दोहोंत बदल करण्याचे बटण पुढे अनेक गाड्यांत पायाखाली आले. आपण ज्याला अप्पर आणि डिपर म्हणतो, ती जोडी ही. समोरून कोणी आले की आपला उजेड आपण होऊन आवरायचा, हा सभ्यतेचा नियम त्या एका बटणात साठवलेला आहे.

९/ पण दिवा उघडता येत होता आणि तेथेच त्याचे दुखणे होते. फटींतून धूळ व ओल आत जाई. परावर्तकावरचा चांदीचा मुलामा काळवंडे. मालकाने बल्ब बदलताना तार नेमक्या जागेवरून किंचित जरी सरकली, तरी झोत भलतीकडे जाई. कारण परावर्तकाला एक केंद्रबिंदू असतो आणि उजेड कोठे पडेल हे बल्बच्या शक्तीपेक्षा तार त्या बिंदूच्या कोणत्या बाजूला आहे यावर ठरते. ही बाब लक्षात ठेवा; पुढे ती पुन्हा येणार आहे.

१०/ अमेरिकेने याचा निकाल १९४० च्या गाड्यांपासून लावला. तार, परावर्तक आणि पुढची काच असे सगळे एकाच हवाबंद काचेच्या गोळ्यात वितळवून जोडले. नाव पडले सील्ड बीम. आकार एकच, सात इंची गोल, प्रत्येक गाडीला दोन. तार जळाली की आख्खा दिवा बदलायचा. चूक करायला जागाच उरली नाही, कारण उघडण्यासारखे काही उरलेच नव्हते.

११/ या निर्णयाचा फायदा आज आपल्याला नवलाचा वाटेल. गाडी कोणत्याही कंपनीची असो, दिवा तोच. गावकुसाबाहेरच्या पेट्रोल पंपावरही तो मिळे आणि कोणीही स्क्रू-ड्रायव्हरने बसवी. नवा दिवा पहिल्या दिवशीइतकाच स्वच्छ उजेड देई. सामान्य माणसाच्या हाती सुरक्षित दुरुस्ती देणारा इतका लोकाभिमुख सुटा भाग मोटारीच्या इतिहासात क्वचितच सापडतो.

१२/ किंमत मात्र मोजावी लागली. १९४० मध्ये जे उत्तम होते, तेच नियमाने गोठले. १९५७ पासून चार लहान दिव्यांची आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर चौकोनी दिव्यांची मुभा मिळाली, पण तत्त्व तेच राहिले. १९६८ च्या संघीय मानकाने दिव्यांपुढील पारदर्शक झाकणांवर बंदी आणली. जग्वार ई-टाइपची काचेची झाकणे गेली. सिट्रोएन डीएसचे स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे युरोपात मिळत. अमेरिकी ग्राहकाला ते लाभले नाहीत.

१३/ युरोप दुसऱ्या वाटेने गेला. तेथे १९६२ साली मोटारींसाठी हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ साली दोन तारांचा एच-४. हा एच-४ उघडून पाहण्याजोगा आहे. डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते. परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तो रस्त्याकडे वळतो. झोताची वरची कड त्यामुळे सुरीने कापल्यासारखी स्पष्ट दिसते. आपण डावीकडून चालतो, म्हणून ती कड डाव्या बाजूला थोडी वर चढते. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी घडवलेला दिवा आपल्याकडे बसवला, तर तीच चढती कड समोरच्याच्या डोळ्यांत जाते.

१४/ अमेरिकेतील हौशी मंडळी गप्प बसणारी नव्हती. सील्ड बीम काढून त्याच सात इंची खोबणीत युरोपीय हॅलोजन दिवा बसवण्याचा उद्योग तेथे दशकानुदशके चालला. तो बेकायदेशीर होता, पण त्यात एक शहाणपण होते : काच, परावर्तक आणि बल्ब हे एकमेकांसाठी घडवलेले त्रिकूट एकत्रच बदलले जाई. तीच गोल खोबणी ब्रिटिश गाड्यांमार्फत आपल्याकडेही पोहोचली. अ‍ॅम्बॅसडर आणि बुलेटच्या मालकांना 'सात इंची' हा शब्द आजही समजावून सांगावा लागत नाही.

१५/ १९८३ मध्ये फोर्डच्या मागणीवरून अमेरिकेने बदलता बल्ब असलेल्या दिव्याला परवानगी दिली आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनवर तो प्रथम आला. काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट आले : हलके, न फुटणारे, हव्या त्या आकाराचे. पण ऊन लागून ते पिवळे पडते. सील्ड बीम ज्या मळापासून सुटका करण्यासाठी जन्मला होता, तो मळ अशा रीतीने बाहेरच्या बाजूने परत आला. आजची घरगुती 'हेडलाइट पॉलिश' ही त्या १९८३ च्या निर्णयाची संतती आहे.

१६/ १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजवर झेनॉन आला. त्याचा उजेड हॅलोजनच्या दुपटीहून अधिक. युरोपातील नियमकर्त्यांनी येथे दूरदृष्टी दाखवली. एवढा उजेड हवा असेल, तर मागे ओझे चढल्यावर झोत आपोआप खाली उतरवणारी यंत्रणा हवी आणि काच धुणारा फवाराही हवा. कारण मळक्या काचेवर विखुरलेला प्रखर प्रकाश समोरच्याला अधिक छळतो. बाजारातील स्वस्त झेनॉन संच या दोन्ही अटी पेटीत न घालताच विकले गेले.

१७/ आता पहिल्या दृश्यातील एलईडी बल्बकडे येऊ. हॅलोजनची तार बारीक आणि तिचा उजेड चहूबाजूंना. एलईडीची चकती सपाट आणि तिचा उजेड दोन बाजूंना. जुना परावर्तक त्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो. चकती मिलीमीटरभर जरी इकडेतिकडे बसली, तरी ती कापल्यासारखी कड विस्कटते. चालकाला बोनेटपुढचा रस्ता लख्ख दिसतो आणि तो खूश होतो. दूरचा रस्ता मात्र पूर्वीपेक्षा अंधारा आणि समोरचा दुचाकीस्वार हतबल. १९३० च्या दशकातील सरकलेल्या तारेची ही पुनरावृत्ती आहे, फक्त अनेक पटींनी प्रखर.

१८/ फॉग लाइटची कथाही अशीच गैरसमजांनी वेढलेली. फ्रान्सने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिवळे हेडलाइट सक्तीचे केले आणि ती सक्ती १९९३ पर्यंत टिकली. पिवळा प्रकाश धुके भेदतो, ही समजूत त्यामुळे दृढ झाली. भौतिकशास्त्र तिला पाठिंबा देत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात; सर्व रंग ते जवळजवळ सारखेच विखुरतात. निळा भाग वगळल्याने डोळ्यांना त्रास कमी वाटतो, इतकेच. फॉग लाइटची करामत तो कोठे बसवला आहे यात आहे. तो खाली असतो, झोत रुंद आणि आखूड, वरची कड सरळ. नजरेच्या रेषेतील धुके उजळू न देता तो खालचा रस्ता दाखवतो. म्हणूनच धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते.

१९/ मग घरी काय करावे? इतिहासाने दिलेला क्रम असा. प्रथम काच : बारीक वाळूकागद पाण्यात भिजवून घासावा, पॉलिश करावे आणि शेवटी उन्हापासून वाचवणारा थर द्यावाच, नाहीतर पिवळेपणा परत येतो. दुसरे वायरिंग : हॅलोजनला विद्युतदाब दहा टक्के कमी पोहोचला, तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. जुन्या गाडीत रिले आणि फ्यूज बसवून बॅटरीवरून थेट जाड तार दिल्यास तोच बल्ब नवा वाटतो. तिसरे रोख : सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी. डिपरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली यावी. एवढ्यानेही भागले नाही, तरच दिवा बदलावा, आणि तो मानकानुसार घडवलेला संपूर्ण दिवा असावा. नुसता बल्ब नको.

२०/ आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही (१९८९) झोत समोरच्याला दिपवणार नाही इतका खाली वळलेला असावा, अशी अट आहे. हेडलाइटच्या वरच्या भागावरचा काळा पट्टा अनेकांना आठवत असेल. तो याच चिंतेचा ओबडधोबड अवतार. आणि आजचा सर्वांत प्रगत दिवा काय करतो? कॅमेऱ्याने समोरची गाडी ओळखतो आणि झोतातील नेमका तेवढाच तुकडा विझवतो. अमेरिकेने त्याला २०२२ मध्ये मान्यता दिली. सव्वाशे वर्षे उजेड वाढवत आलेले हे शास्त्र अखेर कोठे अंधार ठेवायचा हे शिकत आहे. घाटातल्या वळणावर बोट अप्परच्या दांड्यावर असेल, तेव्हा तेच काम आपल्याला कॅमेऱ्याविना करता येते.

धागा समाप्त. आपल्या घरी जुनी गाडी असेल, तर तिच्या दिव्याचा आकार आणि काचेवरची अक्षरे पाहून प्रतिसादात कळवा. पुढच्या धाग्यात त्यांचा अर्थ लावू.