पहाटे तळ्यातले मासे तोंड वर का काढतात? ते खेळत नसतात, गुदमरत असतात!

शेततळ्यावर पहाटे काढलेला असा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. शेकडो मासे पाण्यावर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. खाली कमेंट असते, 'भूक लागलीये, खाद्य टाका.' नेमकी इथेच चूक होते.

राज्यात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. आज अनेक शेततळ्यांत कटला, रोहू, मृगळ वाढवले जातात. त्यांच्यासाठी पहाटेची वेळ सर्वात धोक्याची.

कारण काय?

मासे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगतात. दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं. रात्री हे काम थांबतं. पण मासे, शेवाळ आणि तळाचा गाळ कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन वापरतच राहतात. त्यामुळे सूर्योदयाच्या आधी तो सर्वात कमी असतो.

धोका कधी वाढतो?

• आभाळ सलग ढगाळ असेल तर.
• उन्हाळ्यात. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच.
• मासे जास्त झाले किंवा न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजलं तर.

मग हा आजार नाही कशावरून?

ऑक्सिजन कमी पडला तर एकाच पहाटे बरेच मासे वर येतात, मोठे आधी दगावतात आणि ऊन चढल्यावर उरलेले सावरतात. अंगावर जखमा, लाल चट्टे असतील आणि मासे दिवसभर सुस्त असतील, तर आजाराची शंका घ्या आणि मत्स्य विभागाला विचारा.

लगेच काय करायचं?

खाद्य आणि शेणखत बंद. एरेटर असेल तर चालू करा. नसेल तर पंपाने तळ्यातलंच पाणी उचलून फवाऱ्यासारखं परत पाडा. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून तेही उंचावरून सोडा. घाबरून चुना टाकू नका, अमोनियाचा त्रास वाढू शकतो.

आणि एक सोपी तपासणी. दुपारी हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. पाणी हिरवं असेल आणि कोपर बुडायच्या बऱ्याच आधी तळवा दिसेनासा झाला, तर शेवाळ जास्त झालंय. त्या रात्री पंप तयार ठेवा आणि पहाटे बॅटरी घेऊन तळ्यावर चक्कर मारा.