पांढऱ्या पेशी वाढल्या, तरी हिरड्या का सुजतात?

"डॉक्टर, काउंट वाढला ना?" रक्ताचा रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न हाच असतो. पण पेशी किती आहेत, याच्या जोडीला त्यांच्या पोटात काय आहे हेही पाहावे लागते. हे कसे कळले, ते आज पाहू.

न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण १५०० पेक्षा कमी असल्या तर त्याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. ५०० च्या खाली गेल्या तर तो तीव्र समजतात.

स्वीडनच्या उत्तर भागात काही घरांत तान्ही बाळे जंतुसंसर्गाने दगावत होती. आईवडील मात्र धडधाकट. डॉ. रोल्फ कोस्टमन यांनी या कुटुंबांचा अभ्यास करून १९५६ मध्ये सविस्तर लेख लिहिला. दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच बाळ आजारी पडते, हे त्यांनी दाखवले.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस जी-सीएसएफची इंजेक्शने आली. काउंट वाढला, मुले जगू लागली. तरीही त्यांच्या हिरड्या सुजत, दात हलत. असे का?

२००२ मध्ये स्वीडिश संशोधकांनी या रुग्णांच्या न्यूट्रोफिलमधली प्रथिने तपासली. एलएल-३७ नावाचे जंतुनाशक प्रथिन त्यांत जवळजवळ नव्हतेच, डिफेन्सिन नावाची प्रथिनेही कमी होती. म्हणजे शिपाई हजर, पण हातात शस्त्र नाही! अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णात मात्र एलएल-३७ होते आणि त्याच्या हिरड्याही चांगल्या होत्या.

२००७ मध्ये मूळ दोषही सापडला. एचएएक्स-१ या जनुकात बिघाड असल्याने पेशी अकाली मरतात. कोस्टमन यांच्या मूळ कुटुंबांतही तोच बिघाड निघाला. इतर अनेक रुग्णांत ईलेन हे वेगळे जनुक बिघडलेले असते, म्हणून जनुकीय तपासणी महत्त्वाची.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर काउंट चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. दातांच्या डॉक्टरांकडे नियमित जा. इंजेक्शन स्वतःहून बंद करू नका. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त झाला, तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.