बंदरावरील पहारा

आमचें वडखळ आज मुंबई–गोवा मार्गावरील नाक्याचें गांव म्हणून प्रवाशांस ठाऊक आहे. परंतु मोटारींचे दिवस येण्यापूर्वीं या भागाचा मुंबईशीं व्यवहार बहुतांशीं पाण्यावरून चाले. गांवापासून थोड्या अंतरावर अंबा नदीची खाडी आहे व तिच्या कांठीं धरमतरचें बंदर. मुंबईची आगबोट तेथें लागे. पेण-अलिबागकडचा उतारू तेथें उतरे, आणि भातामिठाचे मचवे मुंबईकडे जात. माझी आजी सांगत असे कीं, तिच्या लहानपणीं बोटीनें पाहुणा आला म्हणजे त्यानें ओटीवर पाय ठेवण्यापूर्वींच घरचे वडील विचारीत, "काय रे, तुमच्या चाळींत उंदीर पडताहेत का?" उत्तर होकाराचें आलें, तर त्याच्यासाठीं शेतांत खोपटें उभें राही व भाकरी तेथें पोंचती होई.

बंदराच्या पहाऱ्यानें प्रथम विचारावयास हवा होता तो प्रश्न हाच. तो वेळेवर न विचारल्याची किंमत आपल्या देशानें कशी मोजली, हें आज मला सांगावयाचें आहे.

जहाजांतून रोग येतो, ही जाणीव जुनी आहे. १३७७ सालीं एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा, म्हणजे आजचें दुब्रोव्हनिक, या नगरानें असा नियम केला कीं, साथीच्या मुलुखांतून येणाऱ्यानें तीस दिवस बाहेर राहिल्याखेरीज वेशीच्या आंत येऊं नये. पुढें ही मुदत चाळीस दिवसांची झाली, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून 'क्वारंटाईन' हा शब्द जगभर रूढ झाला. रोग कशानें होतो हें तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें. अंगांत रोग असेल तर तो इतक्या दिवसांत बाहेर पडेल, एवढाच हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. पण रोग माणसाच्याच अंगांतून येतो, हें त्यांत गृहीत धरलेलें होतें.

१८९४ मध्यें हाँगकाँग येथें प्लेगची साथ चालू असतां येर्सिन या शास्त्रज्ञानें त्या रोगाचे जंतु ओळखले. दोनच वर्षांनीं, सप्टेंबर १८९६ मध्यें, मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखून तो जाहीर केला. रोग पूर्वेकडून जहाजानें आला असावा, असें सामान्यतः मानलें जातें. मांडवी म्हणजे गोदीच्या लगतचा, धान्याच्या वखारींनीं भरलेला भाग. उंदरांचें तें माहेरघरच. माणसें मरूं लागण्यापूर्वीं तेथें उंदीर मरत होते.

पुढें काय झालें तें प्रसिद्ध आहे. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली. कोणी आगगाडीनें गुजराथ-देशाकडे, कोणी बोटींनीं व पडावांनीं कोंकणांत. युरोपांतील राष्ट्रें घाबरलीं. व्हेनिस येथें त्यांची परिषद भरली, मुंबईहून हाजला जाणारीं जहाजें त्या वर्षीं बंद झालीं, आणि सरकारनें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा केला. प्रवाशांची तपासणी करणें, संशयितांस इस्पितळांत वा छावणींत ठेवणें, हे अधिकार त्यानें सरकारास दिले.

श्रोतेहो, या सगळ्या बंदोबस्तांत दोन उणिवा राहिल्या. पहिली ज्ञानाची. डॉक्टर उतारूची नाडी पाही, काख चांचपी. परंतु त्याच जहाजाच्या दोरखंडावरून उंदीर धक्क्यावर उतरे, तिकडे कोणाचें लक्ष नसे. प्लेगनें उंदीर मेला म्हणजे त्याच्या अंगावरील पिसवा ऊब शोधीत दुसऱ्या अंगावर जातात. धान्याच्या पोत्यांतून व कपड्यांच्या गांठोड्यांतून त्या दूरवर प्रवास करितात. हें १८९८ मध्यें कराची येथें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें प्रयोगानें दाखविलें, तेव्हां बहुतेकांनीं त्यावर विश्वास ठेविला नाहीं. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेंत प्लेग कमिशननें तीच गोष्ट सिद्ध केली, तेव्हां कोठें ती मान्य झाली.

दुसरी उणीव विश्वासाची. घरांत शिरून झडत्या, रोग्यास आप्तांपासून ओढून नेणें, स्त्रियांची परक्या पुरुषांकडून तपासणी, यांमुळें लोक रोगापेक्षां बंदोबस्तासच अधिक भिऊं लागले. रोगी लपविले जाऊं लागले. पुण्यांत २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली. मार्च १८९८ मध्यें मुंबईंत दंगा झाला. लपविलेला रोगी कोणत्याहि पहारेकऱ्यास सांपडत नाहीं, हें शहाणपण सरकारास त्यानंतर आलें व नियम सैल झाले. प्लेगनें या देशांत पुढील कांहीं दशकांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं.

ज्ञान आल्यावर पहाऱ्याचें स्वरूप पालटलें. जहाजाच्या दोरखंडांवर उंदीर अडविणाऱ्या पत्र्याच्या चकत्या आल्या. १९२६ च्या आंतरराष्ट्रीय करारानें जहाजाला उंदीरनाशाचा दाखला लागूं लागला.

परंतु प्रत्येक रोगाची वाट निराळी असते. मे १९१८ च्या अखेरीस सैनिकांचें एक जहाज मुंबईस लागलें आणि १० जूनला सात पोलीस शिपाई तापानें इस्पितळांत दाखल झाले. त्यांतला एक गोदीवरचा होता. तो इन्फ्लुएंझा श्वासावाटे पसरणारा. चकत्यांना तो काय दाद देणार? त्यानेंहि एक कोटीहून अधिक बळी घेतले. अलीकडे, २०२० च्या फेब्रुवारींत, जपानमधील योकोहामा बंदरांत 'डायमंड प्रिन्सेस' या जहाजावर ३,७११ माणसें अडकवून ठेवलीं गेलीं. उतारू खोल्यांत बंद होते. पण त्यांना अन्न पोंचविणारे खलाशी एकत्रच जेवत-झोंपत होते. सातशेंहून अधिक लोकांस लागण झाली. मुदत होती, पण वाट ओळखण्यास उशीर झाला.

आज न्हावा-शेव्याचें प्रचंड बंदर आमच्याच जिल्ह्यांत आहे, आणि धरमतरच्या खाडींत मालाचे पडाव येतात. परदेशाहून येणारें जहाज पिवळें निशाण उभारतें. पूर्वीं तें रोगाची खूण समजत, आजच्या संकेतांत त्याचा अर्थ असा कीं, "आमचें जहाज निरोगी आहे, आंत येण्याची परवानगी असावी." हें निशाण खरें ठरावयाचें, तर कप्तानास खरें सांगण्याची भीति वाटतां कामा नये, आणि तपासणाऱ्यास काय विचारावें हें ठाऊक असावें.

आजीच्या ओटीवर हेंच होत होतें. तेथें प्रश्न नेमका होता. आणि खरें उत्तर देणाऱ्यास शेतांत खोपटें व दोन वेळची भाकरी मिळत होती. म्हणून पाहुणा खरें बोले.