मिठाने राखलेला बर्फ : स्नोबोर्डच्या उन्हाळ्याचा इतिहास

स्नोबोर्डिंग हा हिवाळ्यातील खेळ खरा. परंतु त्याच्या जडणघडणीचा मोठा भाग जून-जुलै महिन्यांत, वितळू पाहणाऱ्या बर्फावर आणि मिठाच्या पोत्यांच्या भरवशावर पार पडला. त्याची हकिकत या थ्रेडमध्ये.

१९६५ च्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन या गृहस्थांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी तयार केली. बर्फ आणि सर्फिंग या दोहोंच्या इंग्रजी नावांची सांधणी करून त्यांच्या पत्नीने तिला 'स्नर्फर' म्हटले. पुढे जेक बर्टन, टॉम सिम्स यांच्यासारख्यांनी या खेळण्यातून एक स्वतंत्र खेळ घडवला. सिम्स तर मूळचे स्केटबोर्डच्या जगातले.

मात्र या खेळाला उतरायला डोंगर कोण देणार? १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बहुतेक स्की केंद्रांनी स्नोबोर्डवाल्यांना दारातच अडवले. व्हरमॉन्टमधील स्ट्रॅटन या मोठ्या केंद्राने १९८३ मध्ये त्यांना प्रवेश दिला, तोही आधी कौशल्याची चाचणी घेऊन. (युटामधील आल्टा येथे ही बंदी आजही कायम आहे!) हिवाळ्यात असे उपरे ठरलेल्यांना हक्काची जागा मिळाली ती उन्हाळ्यात.

ऑरेगन राज्यातील माउंट हूड हा सुमारे ३,४२९ मीटर उंचीचा ज्वालामुखी. महामंदीच्या काळात बेरोजगारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून त्याच्या दक्षिण उतारावर टिंबरलाइन लॉज उभे राहिले. २८ सप्टेंबर १९३७ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याचे लोकार्पण केले. 'द शायनिंग' चित्रपटातील भयप्रद हॉटेलचे बाह्यरूप म्हणजे हीच वास्तू. तिच्या वरच्या अंगाला पामर नावाचे हिमक्षेत्र आहे. १९७८ मध्ये तेथवर पाळण्यांची लिफ्ट पोहोचली आणि ऐन उन्हाळ्यातही उतारावरून घसरण्याची सोय झाली.

तरीही एक अडचण उरली. जुलैच्या उन्हात बर्फ भिजलेल्या साखरेसारखा ढिला पडतो. त्यावरून वेग घेता येत नाही. त्यावर उपाय मिठाचा. आपल्याकडे आइस्क्रीमचा लाकडी पॉट फिरवताना बर्फात खडे मीठ घालतात, तेच हे शास्त्र. मिठामुळे थोडा बर्फ वितळतो, वितळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो आणि उरलेल्या ओल्या कणांचे तापमान एकदम उतरते. ते परस्परांना चिकटून गोठतात व काही तास टणक पृष्ठभाग मिळतो. गंमत अशी, की बर्फ टिकवण्यासाठी टाकलेले मीठ आधी त्याच बर्फाचा घास घेते. उन्हाळ्यातील स्नोबोर्डिंगचा सारा हिशेब या एका व्यवहारात दिसतो.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच उतारावर स्नोबोर्डची उन्हाळी शिबिरे सुरू झाली. सकाळी बर्फावर उड्या, दुपारी पायथ्याशी स्केटबोर्ड, असा दिनक्रम. ना शाळा, ना हिवाळी वादळे. एकच उडी पन्नास वेळा चुकावी आणि एक्कावन्नाव्या वेळी साधावी, एवढी उसंत. १९९८ मध्ये नागानो येथे स्नोबोर्ड ऑलिम्पिकमध्ये आला, त्यामागे स्पर्धांपेक्षा या शिबिरांचे ऋण अधिक आहे, असे माझे मत आहे.

कॅनडातील ब्लॅककोम पर्वतावरील हॉर्स्टमन हिमनदीवर १९८९ पासून 'कॅम्प ऑफ चॅम्पियन्स' हे शिबिर भरत असे. हिमनदी दरवर्षी खचत गेली. उड्यांचे उंचवटे रचायला बर्फाचे ढीग लागतात. तेवढा बर्फच उरेना. अखेर २०१७ च्या जून महिन्यात, हंगामाच्या तोंडावर, ते शिबिर बंद झाल्याचे जाहीर झाले. आल्प्समध्येही हेच चित्र. बारमाही बर्फासाठी ख्यातकीर्त झेरमाटला २०२२ च्या जुलैअखेरीस उन्हाळी स्कीइंग थांबवावे लागले.

डोंगर साथ देत नसेल, तर दक्षिण गोलार्ध आहेच. चिलीतील पोर्तियो येथे १९६६ ची जागतिक स्की स्पर्धा चक्क ऑगस्टमध्ये भरली होती. पण तो मार्ग विमानाचे भाडे परवडणाऱ्यांचा.

राहिला मार्ग छपराखालच्या बर्फाचा, आणि तो स्नोबोर्डहूनही जुना! नोव्हेंबर १९२७ मध्ये व्हिएन्नातील बंद पडलेल्या वायव्य रेल्वेस्थानकात 'हिमप्रासाद' उघडला. बर्फ होता सोड्यापासून बनवलेला. उद्घाटन आटोपून निघालेले महापौर कार्ल झाइट्झ यांच्यावर गोळीबार झाला, त्यातून ते बचावले. हिमप्रासाद मात्र काही महिन्यांतच बंद पडला. १९९३ मध्ये तोक्योजवळील फुनाबाशी येथे जपान्यांनी खऱ्या बर्फाचे प्रचंड दालन उभारले. नाव 'झाऊस', म्हणजे चारही ऋतूंत बर्फ. स्नोबोर्डची तेव्हा जपानमध्ये लाटच आली होती. तरीही ते २००२ मध्ये बंद झाले आणि पाडले गेले. त्या जागी आता आयकियाचे फर्निचरचे दुकान आहे.