नळदुर्गचा पूल आणि युद्धरोजनिशीची साक्ष

१. प्रश्न

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरले. पहिली लढाई नळदुर्गला झाली. सातव्या ब्रिगेडने बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि शीख पलटणीने हैदराबाद इन्फंट्रीच्या ठाण्यांवर चाल केली. सकाळी नऊला चिलखती तुकडी जळकोटात होती, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. उस्मानाबाद जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, इतिहासातला हा दिवस आपल्याला असा घड्याळाच्या काट्यावर कळतो तो लष्करी कागदांमुळे. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागासाठी एस. एन. प्रसाद यांनी लिहिलेला व १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला या कारवाईचा, म्हणजे ‘ऑपरेशन पोलो’चा, अधिकृत इतिहास अशाच दप्तरावर उभा आहे. या दप्तराचा कणा म्हणजे युद्धरोजनिशी. तिच्यावर किती विसंबावे?

माझे प्रतिपादन असे : अख्ख्या रोजनिशीला एकच शेरा देता येत नाही. तिची प्रत्येक नोंद वेगळी तपासावी लागते, कारण एकाच पानावर पक्की साक्ष आणि ऐकीव गोष्ट शेजारी शेजारी बसलेल्या असतात.

२. साधनाचे स्वरूप

युद्धरोजनिशी ही सैनिकाची खासगी डायरी नव्हे. ती पलटणीचे किंवा ब्रिगेडचे सरकारी दप्तर असते. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या छापील नमुन्यात ठिकाण, तारीख, वेळ, घटनेचा सारांश आणि शेरा असे रकाने असतात. हुकूम, संदेश आणि नकाशे परिशिष्ट म्हणून जोडले जातात. लिहिणारा बहुधा अ‍ॅडज्युटंट किंवा गुप्तवार्ता अधिकारी असतो.

तिच्यात दोन थर असतात. बिनतारी संदेशाची नोंद त्या क्षणी होते. सारांश मात्र रात्री, कधी दोन-तीन दिवसांनी, घटनेचा शेवट ठाऊक झाल्यावर लिहिला जातो. म्हणून संदेश आणि सारांश यांच्यात फरक दिसला, तर वेळेपुरता संदेश प्रमाण मानावा. काळाचे अंतर वाढले की काय होते, हे मराठी वाचकाला गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’वरून ठाऊक आहे. १८५७ चे अनुभव सुमारे पाव शतकानंतर कागदावर आले, आणि चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये ते छापले तेव्हा त्यावर संपादकाचाही हात फिरला होता. रोजनिशीत हे अंतर वर्षांचे नसून तासांचे असते. तिचे मोठे बळ तेच.

३. नोंदींची प्रतवारी

*स्वतः अनुभवलेली वस्तुस्थिती.* पूल, रस्ता, नदी, वाहने, स्वतःची जीवितहानी. या नोंदी सर्वांत भक्कम, कारण त्या चुकल्या तर रसद चुकते. लोहाऱ्याकडची आगेकूच नदीला पूर आल्याने थांबली, हे त्या वर्षीच्या पर्जन्यनोंदीशी ताडून पाहता येते.

*वेळा.* त्यांना हिशेब लावून पाहावे. जळकोट ते उमरगा अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. मोटारीच्या ताफ्याला तासा-दीड तासाची वाट. मग सव्वासहा तास कुठे गेले? वाटेतला प्रतिकार, झडत्या, मागच्या तुकड्यांची वाट पाहणे, यांपैकी काय घडले ते परिशिष्टांतल्या संदेशांत शोधावे. दोन अचूक वेळांमधली ही मोकळी जागाच संशोधकाला पुढचा प्रश्न देते.

*शत्रूविषयीची माहिती.* तुळजापुरात हैदराबादी फौजेबरोबर सुमारे २०० रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, होते आणि ते दोन तास लढले, असा वृत्तांत आहे. दोन तास हे घड्याळ सांगते. २०० हा आकडा मात्र गोल आहे. तो कोणी मोजला, लढाईत की शरणागतीनंतर? पकडलेल्यांची यादी असेल तर आकडा मान्य करावा, नसेल तर अंदाज म्हणूनच वापरावा.

४. मौन

चौथी कसोटी सर्वांत कठीण : जे लिहिलेच नाही, त्याची. रोजनिशी रस्त्यावरून पुढे जाणाऱ्याची साक्ष असते. उमरगा मागे टाकून गेलेल्या तुकडीला उमरग्यात पुढच्या आठवड्यात काय झाले ते दिसत नाही. स्वतःच्या माणसांचे गैरवर्तन लिहिण्याकडेही तिचा कल नसतो.

पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नेहरूंच्या सांगण्यावरून नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाचा दौरा केला. कारवाईदरम्यान व नंतर हत्या झालेल्या मुसलमानांच्या संख्येचा त्यांचा अंदाज किमान २७,००० ते ४०,००० होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव होते. काही ठिकाणी सैनिक-पोलिसांचाही सहभाग होता, असे त्यांनी नमूद केले. पाच दिवसांच्या लष्करी वृत्तांतातून हे चित्र उभे राहत नाही. अर्थात समितीचा आकडाही अंदाजच. ती दोन महिन्यांनी आली आणि सगळ्या गावांत पोहोचली नाही. तोही याच कसोट्यांवर तपासला पाहिजे.

तसेच, रझाकारांनी त्याआधी सरहद्दीवरच्या गावांत केलेला जाळपोळ-जुलूमही सैन्याच्या रोजनिशीत सापडणार नाही. सैन्य तेव्हा तिथे नव्हतेच. त्यासाठी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या स्वामी रामानंद तीर्थ, अनंत भालेराव यांच्या लेखनाकडे आणि गावोगावच्या आठवणींकडे वळावे लागते.

५. नावे, सन, हद्दी

ताळा घेताना तीन खड्डे टाळावेत. इंग्रजी कागदांत नळदुर्ग कधी ‘नलद्रुग’ होते. निजामाच्या दप्तरात फसली सन असतो, त्यात सुमारे ५९० मिळवल्यावर इसवी सन येतो. आणि १९४८ चा ‘उस्मानाबाद’ म्हणजे आजचा धाराशिव नव्हे : लातूर जिल्हा त्यातून १९८२ मध्ये वेगळा झाला. तेव्हाचा जिल्ह्याचा आकडा आजच्या नकाशावर बसवला की निष्कर्ष चुकलाच.

६. निष्कर्ष

इतिहासाची साधने कशी तपासावीत हे सांगणारी ‘साधन-चिकित्सा’ वा. सी. बेंद्रे यांनी १९२८ मध्ये लिहिली. बखरींना जी चिकित्सा आपण लावतो, तीच शिक्का मारलेल्या लष्करी कागदालाही लावली पाहिजे. जागा व वेळ यांसाठी रोजनिशी प्रथम साधन. शत्रूच्या संख्येसाठी दुय्यम. गावाच्या सुखदुःखासाठी अपुरी.

कामाची रीतही यावरूनच ठरते. नळदुर्ग, जळकोट, उमरगा, तुळजापूर, लोहारा या प्रत्येक गावासाठी रोजनिशीची नोंद, निजामी दप्तर, समितीचा अहवाल आणि हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्यांची आठवण असे चार रकाने आखावेत. सुरुवात चौथ्या रकान्यापासून करावी. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशी ओलांडलेले आहे. पूल किती वाजता ताब्यात आला, हे पुढच्या पिढीलाही कागदात सापडेल. त्या रात्री कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे मात्र आताच विचारले पाहिजे.