गावाच्या ठरावावर उघडलेली शाळा

७ जुलै २०२१ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने एक जीआर काढला. ज्या गावात गेल्या महिनाभरात कोरोनाचा एकही रुग्ण सापडलेला नाही, तिथे आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलैपासून भरवता येतील. मात्र शाळा उघडायची की नाही, हे गावाने ठरवायचं. ग्रामपंचायतीने पालकांशी बोलून ठराव करायचा आणि सरपंचाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पुढचं बघायचं. समितीत तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, वैद्यकीय अधिकारी, शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. तुम्ही तेव्हा गावातल्या शाळेत नववी-दहावीला असाल, तर तुमचा वर्ग भरणार की नाही हे या मंडळींच्या हाती होतं.

साथीच्या बाबतीत आपल्याकडे असं सहसा होत नाही. आपला साथरोग कायदा १८९७ चा. मुंबई-पुण्यातल्या प्लेगसाठी इंग्रजांनी घाईने केलेला, जेमतेम चार कलमांचा. (त्याच प्लेगने, रुग्णांची सेवा करताना, १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या.) कायद्याचा रोख साधा होता: सरकारला जे गरजेचं वाटेल ते सरकार करील. पुण्यात घराघरांत शिरलेले सोल्जर आणि पुढे झालेला रँडचा खून आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. मार्च २०२० मध्ये राज्याने हाच कायदा पुन्हा बाहेर काढला. शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच.

हिंगोली हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला छोटा जिल्हा. योगायोग असा की शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड याच जिल्ह्याच्या पालकमंत्री होत्या. पहिल्या लाटेत इथले रुग्ण वाढले ते मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून परतलेल्या एसआरपीएफच्या जवानांमुळे. २३ नोव्हेंबर २०२० ला राज्यात नववी ते बारावीचे वर्ग उघडले. शिक्षकांची आरटीपीसीआर आणि पालकांचं लेखी संमतीपत्र या अटी होत्या. पहिल्या दिवशी सुमारे ५९ लाखांपैकी जेमतेम ३ लाख मुलं आली. २७ जानेवारीला पाचवी ते आठवीही सुरू झाली. महिना होत नाही तोच दुसरी लाट आली आणि हिंगोली जिल्ह्यात १ ते ७ मार्च २०२१ संचारबंदी लागली, शाळा पुन्हा बंद. मे महिन्यात कळमनुरीचे खासदार राजीव सातव कोरोनानंतरच्या गुंतागुंतीत गेले, तेव्हा ‘मोठ्या माणसांना मोठे दवाखाने वाचवतात’ हा दिलासाही गेला.

अशा उन्हाळ्यानंतर जुलैचा जीआर आला. तो सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावसारख्या गावावर ठेवून बघा. (सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं ते साताऱ्याकडचं पुसेगाव, हे वेगळं.) एका बाकावर एक मूल, दोन बाकांत सहा फूट, वर्गात पंधरा-वीसच जण. म्हणजे साठ मुलांच्या वर्गाचे तीन-चार गट आणि दोन पाळ्या. शिक्षक मात्र तेवढेच.

त्याहून अवघड अट शिक्षकांची होती. त्यांनी त्याच गावात राहावं, नाहीतर सार्वजनिक वाहनाने येऊ नये. मराठवाड्यात गुरुजींचं अपडाऊन हा जुना, चिघळलेला विषय. वर्षानुवर्षं गाव ‘मुख्यालयी राहा’ म्हणत आलं आणि शिक्षक ‘खोली कुठाय?’ विचारत आले. साथीने तोच वाद नवा अंगरखा घालून समोर आणला.

आणि ‘महिनाभर रुग्ण नाही’ हे ठरवणार कसं? तपासणीच झाली नाही तर रुग्ण सापडत नाही. त्यात जूनमध्ये सरकारने कोरोनामुक्त गावांची स्पर्धा जाहीर केलेली, प्रत्येक महसूल विभागात पहिलं बक्षीस ५० लाख. ताप अंगावर काढायला आधीच भीती पुरेशी होती, त्यात हे आमिष. माझ्या मते जीआरमधला हा सगळ्यात कच्चा दुवा.

तरीही ठरावाची वाट मला बरोबर वाटते, कारण बंद शाळेची किंमत गावातच दिसत होती. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं ८ टक्के, काहीच न शिकणारी ३७ टक्के. घरात एक फोन, तो बापासोबत शेतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या मुलांचं तर विचारूच नका. मुंबईतल्या टीव्ही चर्चेत ‘आई-बाप मुलं पाठवायला तयार नाहीत’ हे वाक्य रोज यायचं. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेच्या जुलैमधल्या सर्वेक्षणात मात्र ८१ टक्क्यांहून जास्त पालक शाळा सुरू करा म्हणत होते.

ऑगस्टमध्ये सूत्रं पुन्हा मुंबईत गेली. १७ ऑगस्टपासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग उघडायचा जीआर निघाला आणि टास्क फोर्सने हरकत घेतल्यावर एक-दोन दिवसांत थांबला. ते वर्ग ४ ऑक्टोबरला सुरू झाले, पहिली ते चौथी १ डिसेंबरला.

मास्कचा खरा प्रश्न तिथे उभा राहिला. मोठ्या मुलांचा रुमाल हनुवटीवर असायचा, ती वेगळी गोष्ट. पण पहिलीतलं मूल बाईंच्या ओठांकडे बघून ‘ळ’ आणि ‘ल’ वेगळे करतं, आणि ओठच दिसत नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २०२० मध्येच सांगितलं होतं: पाच वर्षांपर्यंत मास्क नको, सहा ते अकरा वयाला परिस्थिती बघून, बारानंतर मोठ्यांसारखा. ‘परिस्थिती बघून’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात, पण नियम खाली गावापर्यंत आला तेव्हा तेच गळले होते.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला आणि राज्याने १५ फेब्रुवारीपर्यंत सरसकट शाळा बंद केल्या. या वेळी पालक, शिक्षक आणि संस्थाचालक उघडपणे चिडले. २४ जानेवारीपासून शाळा उघडल्या, निर्णय पुन्हा स्थानिक पातळीवर. गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, मास्क ऐच्छिक झाला. बुडालेला अभ्यास भरून काढायला त्या वर्षी एप्रिलभर पूर्ण वेळ शाळा ठेवायचं फर्मान निघालं होतं, आणि मराठवाड्यात वाद सुरू झाला तो उन्हाचा.