कलरकोटाची कुळकथा

वऱ्हाडातल्या तालुक्याच्या कॉलेजात मैदानावर घाम गाळणाऱ्या पोराला विचारा, यंदा काय मिळवायचं? तो पदकाचं नाव नंतर घेतो. आधी म्हणतो, ‘कलरकोट’. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून उतरायला मिळालं, की खेळाडू ‘कलर होल्डर’ होतो आणि विद्यापीठाचा कोट त्याच्या अंगावर चढतो. मग स्थानिक दैनिकात चार ओळींची बातमी येते. प्राचार्यांच्या कक्षात पुष्पगुच्छ देतानाचा फोटो निघतो. गावात सांगितलं जातं, ‘अमक्याच्या पोराले कलर भेटला.’ त्याने धावण्यात काय वेळ दिली किंवा कबड्डीत किती गुण आणले, हे विचारायच्या फंदात कोणी पडत नाही. कोट मिळाला म्हणजे पोरगा खेळाडू आहे, यावर शिक्का बसला.

बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांमध्ये कोट ही एरवी लग्नापुरती वस्तू. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे जाणाऱ्या या मुलखात लोकरी कोटाला काय काम? तरीही मेहकर-लोणारपासून जळगाव जामोद-संग्रामपूरपर्यंत खेळणाऱ्या पोरापोरींना या कपड्याची ओढ आहे. ती आली कुठून, हे शोधत गेलं की वाट थेट इंग्लंडातल्या दोन नद्यांच्या काठी पोचते.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांनी एकमेकांविरुद्ध क्रिकेटचा पहिला सामना खेळला १८२७ मध्ये, लंडनच्या लॉर्ड्सवर. दोन वर्षांनी, १८२९ मध्ये, थेम्स नदीवर हेन्ली इथे दोघांची नौका शर्यत झाली. दुसरी शर्यत व्हायला १८३६ साल उजाडलं. त्या वेळी केंब्रिजच्या नावेला ओळखीचा रंगच नव्हता, म्हणून ऐन वेळी कोणीतरी दुकानातून फिकट निळी फीत आणून नावेवर बांधली, अशी हकिगत सांगतात. ऑक्सफर्डचा निळा गडद, केंब्रिजचा फिकट. पुढे या दोन विद्यापीठांच्या सामन्यात खेळलेल्या खेळाडूला ‘ब्लू’ म्हणू लागले आणि त्या रंगाचा कोट घालण्याचा हक्क फक्त त्याला राहिला. तो कोट दुकानात विकत मिळत असला, तरी घालायचा अधिकार विकत मिळत नव्हता. कोटाचा कट आला तोही नावाड्यांकडूनच. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचा लेडी मार्गारेट बोट क्लब १८२५ चा. त्याचे सभासद भडक लाल जाकिटं घालत. ब्लेझर हे नाव त्या जाकिटांवरून पडलं, असं मानलं जातं.

हा मान मिळवणारा पहिला भारतीय रणजितसिंह. १८९३ मध्ये केंब्रिजने त्यांना क्रिकेटचा ब्लू दिला. संघात जागा मिळायला त्यांना बरीच वाट पाहावी लागली होती. राजघराण्यातला तरुण. तिथल्या ‘ब्लू’ मंडळींपैकी बहुतेक जण याच थरातले होते. खेळायला फुरसत आणि पैसा दोन्ही लागे, आणि ही प्रथा त्या दोन्ही गोष्टी जवळ असलेल्यांनी आपसात मान वाटून घेण्यासाठी उभी केली होती. मूळ असं आहे, आणि त्यावर पांघरूण घालण्याचं कारण नाही.

अमेरिकेने कोटाऐवजी अक्षर घेतलं. हार्वर्डच्या बेसबॉल खेळाडूंनी १८६५ मध्ये सदऱ्यावर ‘एच’ हे अक्षर भरून घेतलं. महत्त्वाच्या सामन्यात ज्याला खेळायला मिळालं नाही त्याने ते परत करायचं, असा रिवाज होता असं सांगतात. पण तिकडच्या दोन कॉलेजांमधला बेसबॉलचा पहिला सामना मोठ्या विद्यापीठांनी खेळलेला नाही. तो खेळला अॅमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन लहान कॉलेजांनी, १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात. अॅमहर्स्टने तो ७३–३२ असा जिंकला. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. विद्यापीठ रंग देतं, पण खेळाडू घडतो लहान कॉलेजात. तिथेही आणि इथेही.

भारतात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं १८५७ मध्ये निघाली, पण ती परीक्षा घेऊन पदव्या देणारी. खेळ होता तो कॉलेजांचा. विद्यापीठांनी एकमेकांशी खेळायला बराच काळ जावा लागला. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झालं. आज त्यालाच भारतीय विश्वविद्यालय संघ म्हणतात. १९३५ पासून विद्यापीठांच्या क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक आला. १९४०–४१ मध्ये आंतरविद्यापीठ क्रीडा मंडळ उभं राहिलं, आणि १९५६–५७ पासून खेळात सर्वांत पुढे असलेल्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक मिळू लागला. संघ झाले तसे रंगही आले. पंजाबात ‘कॉलेज कलर’ आणि ‘रोल ऑफ ऑनर’ देत, आपल्याकडे कलर होल्डर म्हणू लागले. नाव आणि कापड दोन्ही साहेबाचं.

वऱ्हाडचं विद्यापीठ तेव्हा नागपूर. ते ४ ऑगस्ट १९२३ रोजी सुरू झालं, आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज उघडलं, जे पुढे विदर्भ महाविद्यालय झालं. बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलाला त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं कॉलेजसाठी जिल्हा सोडावाच लागे. खामगावात जी. एस. महाविद्यालय सुरू झालं १९४७ मध्ये. बुलढाण्याचं जिजामाता महाविद्यालय, चिखलीचं श्री शिवाजी महाविद्यालय ही पुढची. या भागात कॉलेजं गावाजवळ आणण्याच्या कामात पंजाबराव देशमुखांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. हा माणूस एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकून आला होता, ‘ब्लू’चे कोट घातलेले तरुण त्याने नक्कीच पाहिले असणार. येताना त्याने कोट आणला नाही, कॉलेज आणलं. कोट त्यामागून आपोआप आला.

पण वऱ्हाडच्या खेळाचं सगळं श्रेय इंग्रजी मुळाला देणं चूक होईल. दुसरं मूळ अमरावतीच्याच मातीतलं आहे. १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तेच आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, हुतूतू हे तिथले खेळ. १९२४ पासून मंडळाने उन्हाळी वर्ग चालवले, आणि त्यातून तयार झालेले व्यायाम शिक्षक गावोगावच्या शाळांत पोचले. बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, १९३६ मध्ये, मंडळाचा चमू जर्मनीत गेला आणि त्याने कबड्डीसह आपले खेळ परक्या प्रेक्षकांपुढे करून दाखवले. तेव्हा कबड्डीला जगात कोणी ओळखत नव्हतं. या चमूला कुठल्या विद्यापीठाचा रंग नव्हता. पुढे मंडळाने शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय काढलं, आणि विदर्भातल्या कितीतरी कॉलेजांचे क्रीडा संचालक तिथे शिकून आले. म्हणून बुलढाण्याच्या कॉलेजात मुलं ब्लेझरची वाट पाहतात आणि खेळतात मात्र कबड्डी, खो-खो, कुस्ती. कोट केंब्रिजचा असला, तरी त्याच्या आतलं अंग आखाड्यात तयार झालेलं आहे.

१ मे १९८३ रोजी नागपूरपासून वेगळं होऊन अमरावती विद्यापीठ सुरू झालं. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि पुढे अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम, असा त्याचा पसारा. कलरची प्रथा नव्या विद्यापीठातही चालत राहिली, आणि बुलढाणा जिल्ह्यासाठी तिचा मुक्काम नागपूरहून अमरावतीला आला. अंतर कमी झालं, वाट मात्र सोपी झाली नाही.

ती वाट कशी असते ते पाहू. पावसाळा सरता सरता आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू होतात. नेमकी तेव्हाच सोयाबीनची सोंगणी असते. घरात चार हात कमी, मजूर मिळत नाही, आणि पोरगा म्हणतो, मला स्पर्धेला जायचंय. पहिला सामना तिथेच असतो, बापाशी. मग कॉलेजचा संघ, स्पर्धा, त्यातून निवड चाचणी. चाचणीला आपापल्या कॉलेजचा हुकमी खेळाडू आलेला असतो, आणि कबड्डीच्या संघात जागा बारा, त्यातल्या मैदानात सात. निवड झाली की प्रशिक्षण शिबिर, आणि शिबिरातून पश्चिम विभागाच्या किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला रवानगी. राज्यात कुलपतींच्या पुढाकाराने होणारा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव आहे, आणि २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आता आहे.

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मुंबई-हावडा मार्ग घाटाखालून, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगावहून जातो. खामगावचा फाटा जलंबहून. त्यामुळे घाटाखालच्या पोराला निदान गाडी तरी धरता येते. घाटावरच्याला, म्हणजे बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडच्याला, एसटीशिवाय पर्याय नाही. बोथ्याचा घाट उतरून खामगाव, तिथून अकोला, तिथून अमरावती. सकाळी नऊच्या रिपोर्टिंगला आदल्या दिवशीच निघावं लागतं. स्पाइक असलेले बूट एका पिशवीत, दुसऱ्या पिशवीत आईने दिलेल्या दशम्या. आणि सोबत कागदांची फाइल असते. दहावीची सनद, प्रवेशाची पावती, ओळखपत्र, प्राचार्यांच्या सहीचा पात्रता अर्ज. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची मर्यादा २५ वर्षांची. एका कागदाची कमतरता निघाली, की वर्षभराची मेहनत मैदानाबाहेर उभी राहते.

ही फाइल कोण सांभाळतं? कॉलेजचे क्रीडा संचालक, ज्यांना मुलं नुसतं ‘सर’ म्हणतात. लहान कॉलेजात सगळ्या खेळांना मिळून हा एकच माणूस. मैदान आखण्याची फक्की तोच आणतो, किटचा हिशेब तोच ठेवतो, मॅनेजर म्हणून संघासोबत तोच जातो आणि रात्री मुलांचं जेवण झालं का हेही तोच पाहतो. मुलींचा संघ असेल तर घरोघर जाऊन आईवडिलांना समजावण्याचं कामही त्याचंच. घाटावरच्या गावातली मुलगी चार दिवस अमरावतीला राहून खेळते, यामागे तिची हिंमत असते तशी अशा शिक्षकांनी मिळवलेली पतही असते. कोट मात्र खेळाडूचा. ते योग्यच आहे, पण शिक्षकाचा वाटा कुठेच नोंदला जात नाही, हे मला खुपतं.

महाराष्ट्राला अशा वाट्याचं एक उदाहरण ठाऊक आहे. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले म्हणून. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या कर्जावर उभं आहे. प्राचार्यांचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण कोणीतरी ते लिहून ठेवलं.

आज बुलढाण्याचं नाव जगात पोचलं आहे ते तिरंदाजीमुळे. पोलीस दलातले प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांनी या गावात धनुर्धर घडवले. पोलीस दलाच्याच मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगदूला जागतिक पोलीस स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला १४९–१४८ असं हरवलं. पंधरा बाण, दीडशे गुण, आणि पन्नास मीटरवरून त्यातला फक्त एक गुण गेला. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णही मिळालं. हे यश विद्यापीठाच्या कोटाच्या पलीकडचं आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी, रेल्वे नसलेल्या गावात, एका कामसू प्रशिक्षकाच्या भरवशावर काय होऊ शकतं, याचा तो पुरावा आहे. प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजात असा माणूस नसतो असं कोण म्हणेल? त्याला धनुष्य घ्यायला पैसे मिळत नाहीत, एवढाच फरक.

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, विद्यापीठाकडून प्रोत्साहन गुणही मिळतात. त्यामुळे खेळाची प्रमाणपत्रं घरोघर जपली जातात. शेतकऱ्याच्या घरात खेळ हे चैनीचं काम नसून उपजीविकेचा एक रस्ता असू शकतो, हे घरच्यांना पटवायला कोटाइतका उपयोगी दुसरा पुरावा नाही. रणजितसिंहांच्या काळी कोट सांगत होता की हा आपल्यातला आहे. बुलढाण्यात तोच कोट सांगतो की पोरगा इथून निघून तिथवर पोचला. या प्रथेला मी वसाहतीचं जोखड म्हणणार नाही. वऱ्हाडाने ती घेतली, वापरली आणि तिचा अर्थ बदलला. ती टिकली पाहिजे, आणि कोट खेळाडूला त्याच वर्षी, तो कॉलेजात असतानाच मिळाला पाहिजे.

ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पहिल्या शर्यतीत कोण कोण वल्ही मारत होतं, त्यांची नावं आजही वाचायला मिळतात. आपल्याकडे कलर होल्डरचा फोटो कॉलेजच्या वार्षिकांकात एकदा छापला जातो, आणि ते अंक ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात जातात. बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाने ते अंक काढावेत, स्थापनेपासूनच्या कलर होल्डरांची वर्षवार यादी करावी, खेळाडूच्या नावासमोर गाव, खेळ आणि शिकवणाऱ्या सरांचं नाव लिहावं, आणि ती यादी मैदानाकडे जाणाऱ्या भिंतीवर रंगवून घ्यावी. ज्या माजी खेळाडूंच्या घरी असे कोट आहेत, त्यांनी येत्या स्नेहसंमेलनाच्या आधी आपलं नाव आणि वर्ष आपल्या कॉलेजला कळवावं.